पेटीत कोण बसणार

गाडी का विकली याचं खरं उत्तर मी आजवर कुणालाच दिलेलं नाही. कुणी विचारलंच तर पेट्रोल, प्रदूषण, पोटाचा घेर, मुलांना मोकळी हवा असं जे सुचेल ते सांगतो. ऐकणारा मान डोलावतो. खरं कारण एवढंच होतं की मला राग आला होता, आणि रागात मी जे करतो ते नंतर निस्तरायला मला वर्ष लागतं, तसंच याही वेळी झालं.

तो रविवार होता. आम्ही तळेगावात राहतो, वराळ्याच्या बाजूला, जिथे पूर्वी ज्वारी होती आणि आता सोसायट्या आहेत. दर रविवारी सगळ्यांना गाडीत घालून इंदुरीला न्यायचं, नदीकाठी दोन तास बसायचं आणि परत यायचं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. इंदुरी काही लांब नाही. चाकणच्या रस्त्याला लागलं आणि पूल ओलांडला की आलंच. पण त्या दिवशी पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि उजवीकडे आडवा झालेला ट्रेलर. आमच्या पाच वर्षांच्या पोरानं सकाळी खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. बायको पिशवी शोधत होती. दहा वर्षांची मुलगी नाक दाबून खिडकीला चिकटली होती. मी हॉर्न वाजवत होतो, तो कुणासाठी ते मलाही माहीत नव्हतं. माझ्या शेजारी पुढच्या सीटवर अब्बा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "सायकलीवर असतो तर जाऊन माघारी बी आलो असतो."

दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी असं म्हटलं असतं तर ते वाहून गेलं असतं. माझ्या वडिलांनी म्हटलं आणि ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

अब्बा मणेर. म्हणजे बांगड्यांचा धंदा. चाळीस वर्षं सायकलच्या मागे पत्र्याची निळी पेटी बांधून ते इंदुरी, वराळे, आंबी, नाणोली असं फिरले. बांगड्या विकल्या असं ते कधी म्हणत नाहीत, भरल्या म्हणतात. ओट्यावर बसायचं, पेटी उघडायची, समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडून हाडं चाचपायची आणि माप सांगायचं. ते माप कधी चुकलं नाही. भरून झाल्या की बाई त्यांना वाकून नमस्कार करायची. त्यांच्याहून वयानं मोठी असली तरी करायची. लहानपणी हे बघून मी बुचकळ्यात पडायचो, कारण शाळेत मला कुणी नमस्कार करत नव्हतं. शाळेत वेगळंच होतं.

त्यांच्या सायकलला पितळेची घंटी होती. ती कुंपणाबाहेर वाजली की आमचा वर्ग एका सुरात ओरडायचा, "तुझा बांगड्यावाला आला!" मी बाकाखाली वाकून पेन्सिल शोधायला लागायचो. पेन्सिल हातातच असायची. एकदा घरी येऊन मी रडून आकांडतांडव केलं, शाळेवरून जाऊ नका म्हणून. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या रस्त्यानं जायला लागले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

त्यामुळे कंपनीत कायम झाल्यावर मी पहिल्याच वर्षी दोन कामं उरकली. अब्बांचा धंदा बंद केला आणि गाडी घेतली. या वयात वणवण नको, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, त्यांनाही सांगितलं. ते "बरं" म्हणाले. सायकल भंगारवाल्यानं नेली. निळी पेटी माळ्यावर गेली. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी दोन हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवून आतल्या आरशाला बांधल्या. खड्ड्यातून जाताना त्या किणकिणायच्या. चौथ्या दिवशी मी त्या काढून समोरच्या कप्प्यात टाकल्या, कारण त्या आवाजानं माझं डोकं उठायचं.

मला कामाला न्यायला कंपनीची बस येते. त्यामुळे गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी आणि रविवारी बाहेर. रविवार खरं तर अब्बांसाठीच होता. आई गेल्यावर ते फार बोलायचे नाहीत, पण इंदुरी म्हटलं की सकाळी सहालाच स्वच्छ कपडे घालून तयार असायचे. पुढची सीट त्यांची. गाव आलं की म्हणायचे, "जरा हळू घे." मी घ्यायचो. मग म्हणायचे, "काच खाली कर की." मी सांगायचो, "धूळ येते अब्बा, एसी चालू आहे." ते काचेतून बाहेर बघत राहायचे. मला वाटायचं, अब्बांना गावाला गाडी दाखवायची आहे. ज्या रस्त्यानं पॅडल मारत गेलो त्या रस्त्यानं मुलाच्या गाडीतून चाललोय, हे दिसावं असं वाटत असेल. मला ते आवडायचं. त्यासाठी मी शनिवारी संध्याकाळी गाडी धुऊन पुसून ठेवायचो.

तर त्या कंटेनरच्या रविवारी अब्बा सायकलीचं बोलले आणि दोन महिन्यांच्या आत मी गाडी विकून टाकली.

त्याऐवजी जी आणली तिला मराठीत नाव नाही. मुलं तिला पेटीची सायकल म्हणतात. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर लाकडाची मोठी पेटी, पेटीत समोरासमोर दोन फळ्या, बांधायला पट्टे, पावसासाठी वर छत. मागे एक चाक आणि त्यावर माझी सीट. बॅटरीची मोटर पॅडलला जोर देते. परदेशात अख्खी कुटुंबं अशा सायकलवर फिरायला जातात, असं मी व्हिडिओत बघितलं होतं. व्हिडिओत चढ नव्हते, स्पीडब्रेकर नव्हते, आणि चाकणचा रस्ता तर नव्हताच. पुण्यात एक जण ऑर्डर दिली की बनवून देतो, त्याच्याकडून मी ती बनवून घेतली आणि स्वतः चालवत घरी आणली. देहूरोडच्या पुढे माझे पाय माझे राहिले नव्हते.

अब्बा गॅलरीत उभे होते. मी खालून हात केला. ते खाली आले, सायकलभोवती एक चक्कर मारली आणि एकच विचारलं, "गाडीतल्या बांगड्या काढून घेतल्यास का?"

मी घेतल्या नव्हत्या. कप्प्यातच राहिल्या. गाडी कुणी नेली हे माहीत होतं, फोन करता आला असता, पण दोन काचेच्या बांगड्यांसाठी कुठे फोन करायचा असं वाटून मी केला नाही. अब्बा "बरं" म्हणून वर गेले.

मग लोकांनी माझा पिच्छा पुरवायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये आवाज खाली करून विचारलं, "कंपनीत सगळं ठीक ना?" सासूबाईंनी बायकोला फोन करून सांगितलं की काही अडचण असेल तर लपवू नको. गेटवरच्या वॉचमननं पहिले तीन दिवस मला फेरीवाल्यांच्या वहीत सही करायला लावली. मी त्याच इमारतीत सात वर्षं राहतोय. पण खरी कमाल पाण्याचे जार वाटणाऱ्यानं केली. त्याचीही तीनचाकी. सिग्नलला शेजारी थांबला, माझी पेटी नीट न्याहाळली आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "कुठली लाईन धरली? वराळ्यात नका येऊ, तिकडं आधीच आम्ही तिघं आहे." मी त्याला सांगितलं की यात माझी मुलं बसतात. तो सिग्नल सुटेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

धाकट्याला सायकल भयंकर आवडली. तो पेटीत उभा राहून रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला हाक मारायचा. मुलगी पहिल्या दिवशी हसत बसली. दुसऱ्या रविवारी स्टेशनजवळ तिच्या वर्गातल्या दोघी दिसल्या, तशी ती पेटीत वाकली आणि बुटाची लेस बांधायला लागली. तिच्या बुटाला लेस नव्हती. मला खरं तर हसू यायला हवं होतं. मी तिच्यावर ओरडलो, इतका की त्या दोघींनी वळून बघितलं.

लोणावळ्याचाही प्रयत्न करून झाला. गाडीत असताना वर्षातून दोनदा जायचो, तर सायकलवर का नाही, असा माझा हट्ट. भल्या सकाळी निघालो. बायको आणि मुलं पेटीत, डबे आणि पाण्याच्या बाटल्या पायाशी. वडगाव निघालं तोवर मी गाणी म्हणत होतो. कामशेतच्या अलीकडे बॅटरीचा शेवटचा दिवाही विझला आणि ते धूड ढकलायला एकट्या माझ्या मांड्या उरल्या. बायको उतरली, मुलं उतरली. मी ढकलत होतो आणि शेजारून पुण्या-मुंबईच्या गाड्या सुसाट जात होत्या. त्यातल्या मागच्या सीटवरची पोरं आमचे फोटो काढत होती. शेवटी एका भाजीच्या रिकाम्या टेम्पोत सायकल चढवली, तिच्या पेटीत आम्ही चौघं बसलो आणि तळेगावला आलो. डबे टेम्पोतच उघडले. बायको पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "शेवटी आलो की नाही गाडीतून?"

हे सगळं मी सहन केलं असतं. म्हणजे चिडचिड करत, पण केलं असतं. जे सहन होत नव्हतं ते एकच. ज्यांच्यासाठी रविवार होता ते अब्बा घरी बसले.

पहिल्या रविवारी मी म्हटलं, "चला अब्बा, इंदुरी." पेटीत पाठ टेकून बसायची एक जागा मी खास त्यांच्यासाठी करून घेतली होती, वर जाड गादी टाकली होती. त्या दिवशी बायको स्कूटीवरून येणार होती. अब्बांनी पेटीकडे बघितलं.

"ह्याच्यात?"

"हो. मऊ आहे, बसून तर बघा."

"पेटीत माल बसतो," ते म्हणाले. "मी काय माल हाय?"

"मुलं बसतात की."

"पोरं बसू द्या." मग थोडं थांबून म्हणाले, "मला चालवाय देशील?"

मी हसलो. तिथे हसायला नको होतं. "अब्बा, ही फार जड आहे. तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणून ते वर गेले.

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. ते गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. समोर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. नमाजाला खाली जायचे, परत यायचे, पुन्हा खुर्ची. बोलणं आणखी कमी झालं. रविवारी सहाला उठून कपडे घालणं बंद झालं. आम्ही इंदुरीहून परतायचो तेव्हा त्यांचं जेवणाचं ताट तसंच झाकलेलं असायचं. मला भीती वाटायला लागली होती की हा माणूस आता त्या खुर्चीतच संपणार. भीती वाटली की मी चिडतो, त्यामुळे मी दुप्पट चिडलो. एकदा जेवताना बोललोच, "तुम्हीच म्हणालात ना, सायकलवर असतो तर पोचलो असतो म्हणून? म्हणून तर गाडी विकली मी."

"म्हनलो," अब्बा म्हणाले. "गाडी वीक असं कुटं म्हनलो?"

त्यांना सायकलची लाज वाटते आहे, अशी माझी खात्री होती. जी गोष्ट मागे टाकायला चाळीस वर्षं लागली तिच्यात मुलानं परत आणून बसवलं, असं त्यांना वाटत असणार. मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती बालवाडीत शिकवते, तिला मोठी माणसं लवकर कळतात. तिनं कणीक मळता मळता सांगितलं, "लाज त्यांना कधी वाटत होती? गाडी तुम्ही तुमच्या रागापायी विकलीत. आता त्यांचं नाव पुढे करू नका."

त्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

मग एका रविवारी सकाळी माझं डोकं फिरलं. मुलं खाली पेटीत बसून वाट बघत होती, बायकोनं स्कूटी काढली होती, आणि अब्बा खुर्चीतून हलत नव्हते. मी गॅलरीत जाऊन किल्लीच त्यांच्या मांडीवर टाकली. "घ्या! चालवायची आहे ना तुम्हाला? चालवा. पण आज घराबाहेर पडा."

ते उठले. मला वाटलं होतं चिडतील. ते आत गेले, टोपी घातली, ड्रॉवरमधून रबर काढून पायजम्याच्या उजव्या पायाला लावलं, साखळीत अडकू नये म्हणून. इतक्या वर्षांत मी ते विसरलो होतो. खाली येऊन त्यांनी मुलांना उतरवलं, सीटवर बसले, घंटी वाजवून बघितली. सरळ रस्त्यावर अशी झोकात गेली सायकल की माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. अब्बांची पाठ ताठ होती. मोटर त्यांना पळवत होती आणि ते मान वर करून चालले होते.

क्लब हाऊसपाशी वळण आहे. दोनचाकीवर माणूस अंग झुकवून वळतो. चाळीस वर्षं ते तसंच वळले होते. ही तीनचाकी झुकत नाही. हिला हँडलनंच वळवावं लागतं, अंग झुकवलं तर ती ऐकत नाही, सरळ जाते. अब्बा डावीकडे झुकले आणि सायकल सरळ मेंदीच्या कुंपणात घुसली.

लागलं नाही. त्यांनी ती मागे घेतली, पुन्हा आले, पुन्हा झुकले, पुन्हा कुंपण. तिसऱ्यांदाही. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला होता. गॅलऱ्यांत माणसं जमली होती. पहिल्या दिवशी माझंही अगदी असंच झालं होतं. मला माहीत होतं. झुकू नका एवढे दोन शब्द मी त्यांना खाली येतानाच सांगू शकलो असतो. सांगितले नाहीत. विसरलो असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता तसं सांगवत नाही.

अब्बा उतरले. टोपीवरचं मेंदीचं पान काढलं. पायाचं रबर काढून खिशात ठेवलं. "ही सायकल न्हाई," एवढंच म्हणाले, पेटीचं छोटं दार उघडलं आणि आत जाऊन गादीवर बसले. "चल."

मला हवं तेच झालं होतं. तरी इंदुरीपर्यंत मला मान वर करून त्यांच्याकडे बघवलं नाही. ते माझ्याकडे पाठ करून बसले होते, दोन्ही बाजूंना नातवंडं. बायको स्कूटीवरून केव्हाच पुढे गेली होती. छत दुमडलेलं, ऊन कोवळं, आणि रस्त्यावर त्या दिवशी नेमका एकही कंटेनर नाही. हे पाहून तर मला आणखीच राग आला. पूल ओलांडला. नदीला पाणी बेताचं होतं. गाव आलं आणि पेटीतून आवाज आला, "जरा हळू घे."

"यापेक्षा हळू म्हणजे थांबेल, अब्बा," मी म्हणालो.

गढीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात पावटा निवडत बसली होती. तिनं सहज मान वर केली. मग सूप बाजूला ठेवलं. आम्ही तिच्यासमोरून जात होतो तेवढ्यात ती ओटा उतरून रस्त्यातच आली, तसा मला करकचून ब्रेक मारावा लागला.

"मणेरभाऊ? मणेरभाऊच का रं तू?"

अब्बा काही बोलायच्या आत तिनं पेटीच्या कडेवरून दोन्ही हात आत घातले, मनगटं वर करून. "नवी गाडी केलीस व्हय? लय मोठी पेटी केलीस. पोरं बी हितंच बसवलीस! मग माल कुटं ठेवलास?"

सकाळपासूनचं सगळं माझ्या तोंडात आलं. "मावशी, आम्ही विकायला नाही आलो," मी म्हणालो. "फिरायला आलोय. त्यांनी धंदा कधीच बंद केलाय." आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं. माझी मुलगी खाली वाकून पायाशी काहीतरी शोधायला लागली.

अब्बांनी मागे न बघता एक हात वर केला. गप्प बस, असा. लहानपणानंतर त्यांनी मला पहिल्यांदाच असं गप्प केलं. मग त्यांनी म्हातारीचा उजवा हात हातात घेतला, तिचा अंगठा आत दुमडला आणि हाडं चाचपली. डोळे मिटलेले होते.

"सव्वादोन," ते म्हणाले.

"माझं अडीच व्हतं."

"आता सव्वादोन. हात वाळलाय आक्का."

"वाळंल न्हाई तर काय. किती वरसं झाली." ती हात काढून घेत नव्हती. "नातीचं लगीन काढलंय. हिरवा चुडा भरायचाय. पोरी म्हनत्यात तळेगावातनं डबा आणू, घरीच चढवू. मी म्हनलं, न्हाई, मणेरभाऊ भरंल. तर सून म्हनती, त्यो मणेर कवाच गेला."

"हाय की मी."

"त्येच म्हनते. हाईस, मग गेलतास कुटं? एवढ्या वरसांत यकदा बी गावात आला न्हाईस."

"येत व्हतो," अब्बा म्हणाले. "दर ऐतवारी. ह्याच रस्त्यानं."

"मग कवा दिसला न्हाईस. हाक तरी मारायचीस."

मी सीटवर बसून होतो, एक पाय जमिनीवर. अब्बा वळून माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो, एसीबद्दल, धुळीबद्दल, काहीही. त्यांनी बघितलं नाही.

"गाडीत व्हतो," ते म्हणाले.

"त्या बंद गाडीत व्हय? मग कसा दिसशील," म्हातारी अगदी सहज म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिनं त्यांचा हात सोडला, पदर नीट घेतला आणि रस्त्यात उभी राहून त्यांना वाकून नमस्कार केला.

"अगं, अजून भरल्या कुटं मी?" अब्बा म्हणाले.

"भरशील की," ती म्हणाली.

मुलीनं खाली वाकलेलं डोकं हळूच वर केलं आणि आजोबांकडे बघत राहिली.

नदीवर बायको आमची वाट बघत होती. मुलांनी भेळ खाल्ली, पाण्यात दगड मारले. अब्बांनी दोन वाट्या भेळ खाल्ली आणि नातीला शेजारी बसवून तिचा हात चाचपला, माप सांगितलं, मग धाकट्यानंही हात पुढे केला म्हणून त्याचंही सांगितलं. माळ्यावरची निळी पेटी खाली काढायला शिडी कुणाकडे मिळेल असं त्यांनी बायकोला विचारलं. मला विचारलं नाही. मी जरा लांब दगडावर बसलो होतो. मला राग आला होता आणि तो काढायला जवळ काही नव्हतं. गाडीवर काढावा तर ती विकलेली. सायकलवर काढावा तर तिनं काही केलेलं नव्हतं. इतकी वर्षं दर रविवारी मी त्यांना त्यांच्याच माणसांच्या दारावरून नेलं, काच वर करून, आणि वर शनिवारी ती काच पुसून ठेवली. त्यांनी मागितलं होतं, प्रत्येक रविवारी मागितलं होतं. मी ऐकलं नव्हतं असंही नाही. ऐकून उत्तर दिलं होतं.

उन्हं चढली तसे आम्ही निघालो. बायको स्कूटीवरून पुढे गेली. अब्बा पेटीत बसले, नातवंडं दोन बाजूंना. गावात शिरताना ते म्हणाले, "जरा हळू घे."

मी हळू घेतली. इतकी की मुलीनं मागे वळून विचारलं, "पप्पा, बॅटरी संपली का?"